मोटारीचें सुख कोठें बसून मोजावें ?

मोटारगाडी बदलण्याचा विषय घरांत निघाला म्हणजे पहिल्या दिवशीं किंमतीची चर्चा होते, दुसऱ्या दिवशीं लिटरमागें किती किलोमीटर पडतात याची होते, आणि तिसऱ्या दिवशीं रंगावरून मुलांचें भांडण जुंपतें. गाडीच्या आंत पांच-सहा तास बसून राहावयाचें तें कोणी, त्यांचे गुडघे कसे आहेत, पाठ कशी आहे, कान कसे आहेत, याची विचारपूस सहसा कोणी करीत नाहीं. आमच्या घरींहि ती झाली नव्हती. ती कशी झाली आणि तिच्यांतून आम्हांस काय कळलें, तें एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून हा लेख लिहिला आहे.

आमची सध्यांची गाडी डिझेलवर चालणारी, तीन रांगांची आणि बारा वर्षांची आहे. घरांत लहानमोठीं मिळून नऊ माणसें. पुण्याहून दर वर्षीं गुहागरास व्याडेश्वराच्या दर्शनाला जावयाचें, हा घराण्याचा परिपाठ. पण गेलीं तीन वर्षें आमच्या मातोश्री या यात्रेस येत नाहींत. त्यांचें वय एक्यायशीं. "आईला आतां प्रवास झेपत नाहीं," असें आम्ही सर्वजण म्हणत असूं, आणि तीहि "तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळतें," असें म्हणे. त्यामुळें या गोष्टीचा पुन्हां विचार करण्याचें कोणास कारणच पडलें नव्हतें.

आमच्या धाकट्या बंधूंच्या मनांत जुनी गाडी काढून हायब्रीड वॅगन घ्यावी असें आलें. असलेली गाडी अद्याप कांहीं वर्षें चालेल, असें आमचें मत. वाद वाढत चालला तेव्हां आमच्या मेहुण्यांनीं आपली तशाच जातीची नवी गाडी एका रविवारापुरती आम्हांस देऊं केली. कारखान्याचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं, कारण हा लेख जाहिरातीसाठीं नाहीं आणि निंदेसाठींहि नाहीं. आम्हीं असें ठरविलें कीं, एका रविवारीं जुन्या गाडीनें व दुसऱ्या रविवारीं नव्या गाडीनें एकाच रस्त्यानें, त्याच सात माणसांनीं जावयाचें, आणि परत आल्यावर प्रत्येकानें आपापलें मत सांगावयाचें. रस्ता ठरला तो पुणें, खंबाटकी, सुरूर फाटा, वाई, आणि तेथून पसरणीचा घाट चढून पांचगणी. त्यांत महामार्ग, गर्दी आणि घाट हे तीनहि प्रकार येतात.

हकिकत सांगण्यापूर्वीं ही वस्तु काय आहे तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. 'वॅगन' हा शब्द ऐकला कीं आपल्याकडे मालगाडी आठवते. त्या शब्दाची लोकांनीं 'वाघीण' करून टाकली आणि ती वाघीण मराठींत कायमची नांदत आहे. मोटारींतील वॅगनचाहि रेल्वेशीं संबंध आहे. अमेरिकेंत विसाव्या शतकाच्या आरंभीं स्टेशनावर उतरलेले प्रवासी व त्यांच्या ट्रंका एकाच वाहनांतून पोंचविण्यासाठीं लांब, लांकडी टपाच्या मोटारी निघाल्या. त्यांस 'स्टेशन वॅगन' हें नांव पडलें. फोर्ड कंपनीनें १९२९ सालीं आपल्या 'मॉडेल ए' गाडीचा असा प्रकार बाजारांत आणला. माणसें व सामान एकाच छपराखालीं असणें हें वॅगनचें लक्षण होय.

'हायब्रीड' म्हणजे संकरित. एकाच गाडींत पेट्रोलचें इंजिन असतें आणि विजेची मोटरहि असते. ही कल्पना नवी नाहीं. फर्डिनांड पोर्शे यांनीं १९०० सालाच्या सुमारास व्हिएन्नाच्या लोनर कारखान्यासाठीं अशी गाडी तयार केली होती. परंतु सामान्य गिऱ्हाइकाच्या हातीं ही विद्या आली ती टोयोटा कंपनीच्या 'प्रायस' गाडीनें, जपानांत, डिसेंबर १९९७ मध्यें. हळू चालतांना किंवा जागेवरून हलतांना मोटर गाडी ओढते; वेग वाढला वा चढ लागला कीं इंजिन मदतीस येतें; आणि ब्रेक लावतांना जी शक्ति एरवीं चाकांपाशीं उष्णतेच्या रूपानें फुकट जावयाची, तिचा कांहीं भाग विजेच्या रूपानें बॅटरींत परत जमा होतो. जमाखर्च सांभाळणाऱ्या गृहिणीस ही योजना निराळी समजावून सांगावयास नको.

याच प्रायसचा वॅगन प्रकार 'प्रायस अल्फा' या नांवानें जपानांत २०११ सालीं निघाला. त्यांतील पांच आसनांच्या गाडींत बॅटरी मागच्या सामानाच्या जागेखालीं होती. पण सात आसनें करतांना तिसऱ्या रांगेस जागा हवी म्हणून निराळी, लहान बॅटरी घेऊन ती पुढच्या दोन आसनांमधील पेटींत ठेवावी लागली. बॅटरी कोठें तरी बसणारच, आणि ती जेथें बसेल तेथें माणूस किंवा पिशवी बसणार नाहीं, एवढा बोध यांतून घेण्यासारखा आहे. आपल्याकडे तीन रांगांची हायब्रीड गाडी मध्यम कुटुंबांच्या बोलण्यांत आली ती २०२२ च्या अखेरीस, 'इनोव्हा हायक्रॉस' निघाली तेव्हां; पुढील वर्षीं मारुति कंपनीनें तीच गाडी थोड्या फरकानें 'इन्व्हिक्टो' या नांवानें आणली.

सुखाच्या दृष्टीनें आणखी एक भेद महत्त्वाचा आहे. जुन्या पद्धतीच्या मोठ्या गाड्यांत खालीं पोलादी सांगाडा असतो व त्यावर माणसें बसण्याची पेटी बसविलेली असते. इंजिन पुढें आणि फिरतीं चाकें मागें, म्हणून दोहोंस जोडणारा लांब दांडा गाडीच्या पोटाखालून जातो. या सर्वांस जागा द्यावयाची म्हणजे तळ उंच येतो. नव्या पद्धतींत सांगाडा व पेटी एकजीव असतात आणि पुढचीं चाकेंच गाडी ओढतात. मागें जाणारा दांडा नाहींसा होतो व तळ खालीं उतरतो. आधींच्या 'इनोव्हा क्रिस्टा'ची लांबी ४७३५ मिलिमीटर आणि हायक्रॉसची ४७५५; म्हणजे वाढ अवघी २० मिलिमीटर. परंतु पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर २७५० वरून २८५० वर गेलें, म्हणजे १०० मिलिमीटरनें वाढलें. रस्त्यावर तेवढीच जागा अडवून आंतल्या माणसांच्या पायांस जास्त जागा मिळाली, ती अशी.

आतां पहिल्या रविवारची हकिकत. जुन्या गाडींत बंधु चालवावयास, त्यांच्या शेजारीं मानाच्या आसनावर आई. मधल्या सलग बाकावर आमच्या सौभाग्यवती, सूनबाई व आम्ही. आणि अगदीं मागें कॉलेजांत जाणारा पुतण्या व आठ वर्षांची नात. ही व्यवस्था कित्येक वर्षांची, त्यामुळें कोणास कांहीं विचारावें लागलें नाहीं.

प्रयोग म्हणून आम्हीं टेप लावून दाराच्या उंबरठ्याची उंची मोजली. ती जमिनीपासून अठरा इंच भरली. घरच्या जिन्याची पायरी सात इंचांची, आणि तीहि आई कठड्यास धरून चढते. मग अठरा इंच ती आजवर कशी चढत होती ? पाहिलें तों बंधु तिला काखेंत हात घालून वर घेत, आणि ती डोळे मिटून दांतओठ आवळी. हें दृश्य आम्हीं शेंकडों वेळां पाहिलें होतें. त्या दिवशीं टेप हातांत होती म्हणून तें दिसलें.

मागच्या रांगेचें गाऱ्हाणें निराळें होतें. तेथें तळ उंच आणि आसन ठेंगणें, म्हणून पुतण्याचे गुडघे छातीशीं येत. मांडीला आधार नसल्यामुळें सगळा भार कमरेवर पडे. शिवाय ती रांग मागच्या आंसावर येते. पूर्वींचे लोक बैलगाडींत आंसाच्या बरोबर वर बसणें टाळीत, तें उगीच नव्हे. खड्डा प्रथम तेथेंच कळतो. नातीला पसरणीच्या घाटांत दोनदां उलटी झाली. मागें बसलेल्या मुलास पुढचा रस्ता दिसत नाहीं. त्याच्या डोळ्यांस गाडीची आंतली बाजू स्थिर दिसते, पण कानांतील तोल सांभाळणारें इंद्रिय वळणावळणाची वर्दी देत असतें. या दोहोंचा मेळ बसला नाहीं कीं पोट ढवळतें. आई सबंध वाटभर डोळे मिटून बसली होती. ती गाडींत नेहमींच जप करते, अशी आमची समजूत होती.

दुसऱ्या रविवारीं नवी गाडी. तिच्या मधल्या रांगेंत बाक नसून दोन सुटीं, हात टेकण्याचीं आसनें होतीं, आणि तीं मागेंपुढें सरकत. मेहुण्यांनीं निक्षून सांगितलें होतें कीं, या गाडींतलें खरें सुख त्या दोन आसनांवर आहे. म्हणून तेथें आई व सौभाग्यवती बसल्या, आम्ही पुढें बंधूंच्या शेजारीं, आणि मागच्या रांगेंत पुतण्या, सूनबाई व नात असे तिघें. उंबरठा मोजला, तो साडेपंधरा इंच. अडीच इंचांचा हा फरक कागदावर क्षुल्लक दिसेल. पण आईनें दाराच्या दांडीस धरून, कोणाचा हात न घेतां, आपला पाय आपण आंत ठेवला, आणि मग मागें वळून आमच्याकडे पाहिलें.

खेड-शिवापूरच्या नाक्यापाशीं नेहमींप्रमाणें रांग लागली होती. जुनी गाडी उभी असतांना हींव भरल्यासारखी थरथरते. ही उभी राहिली तेव्हां इंजिन बंद होतें, तरी गार वारा चालूच होता, कारण त्या यंत्राला लागणारी शक्ति बॅटरी पुरविते. इतकी शांतता झाली कीं, नातीच्या हातांतल्या पुड्याचा कागद वाजला तोहि पुढें ऐकूं आला. आम्ही मागें वळून तिला आमच्या लहानपणची गोष्ट सांगूं लागलों, कीं एकदां गुहागरला जातांना एस्. टी. बंद पडली आणि आम्हीं सर्वांनीं हेळवाकला रात्र काढली.

"हेळवाकला नव्हे, पाटणला," मधल्या रांगेंतून आई म्हणाली. "आणि गाडी बंद पडली नव्हती. कोयनेला पाणी चढलें होतें. तूं चार वर्षांचा. तुला काय आठवणार?"

मग तिनें ती सबंध रात्र सांगितली : कोणाच्या ओसरीवर पथारी टाकली, कोणी भाकरी दिली, आमचे वडील सकाळीं पाणी उतरलें कीं नाहीं तें पाहावयास कितीदां जाऊन आले. पुतण्या मागून प्रश्न विचारी आणि ती मान वळवून उत्तर देई. सुरूर फाटा येईपर्यंत गोष्ट चालली होती. वाईला ढोल्या गणपतीच्या घाटावर बसलों असतां सौभाग्यवती सहज म्हणाल्या, "आज आई, तुमचा जप राहिला." त्यावर आई म्हणाली, "जप कसला ? त्या गाडींत तुम्ही मागें काय बोलतां, तें मला कांहीं ऐकूंच येत नाहीं. सारखें 'काय म्हणालास ?' असें किती वेळां विचारायचें ? म्हणून डोळे मिटून बसायचें." तिनें हें तक्रारीच्या सुरांत सांगितलें नाहीं. पण आम्हां दोघां भावांस त्यावर कांहीं बोलतां आलें नाहीं.

घरीं आल्यावर आमच्या परिचयाच्या एका कानांच्या डॉक्टरांस याचें कारण विचारलें. त्यांनीं सांगितलें तें सर्वांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. उतारवयांत ऐकणें सर्व बाजूंनीं सारखें कमी होत नाहीं. उंच पट्टीचे आवाज प्रथम जातात. बोलण्यांतील स्वर खालच्या पट्टींत असतात, म्हणून कोणी तरी बोलत आहे हें वृद्धांस कळतें. परंतु स, श, त, फ यांसारख्या व्यंजनांची धार उंच पट्टींत असते, आणि शब्द ओळखूं येतो तो या धारेवर. त्यांत इंजिनाचा खालच्या पट्टींतला घुमारा मिसळला कीं उरलीसुरली धारहि बुडून जाते. कानांतील यंत्र शब्दाबरोबर घुमाराहि मोठा करतें, म्हणून पुष्कळ वृद्ध प्रवासांत तें काढून ठेवतात. म्हणजे जो आवाज तरुणांस केवळ थोडा त्रासदायक वाटतो, तोच म्हाताऱ्या माणसास सगळ्या मंडळींपासून तोडतो.

नव्या गाडीचे दोष सांगितले नाहींत तर आमचें म्हणणें एकांगी होईल. पसरणीच्या चढावर बॅटरीची मदत कमी पडली तेव्हां इंजिन मोठ्यानें घोंगावूं लागलें, आणि वेग वाढत नसतांहि आवाज तेवढा वाढला. तेवढा वेळ आई पुन्हां गप्प झाली. तिसऱ्या रांगेंतील मधली जागा नांवापुरती आहे. सूनबाईंस तेथें अर्ध्या तासाच्या वर बसवेना. तिन्ही रांगा भरल्यावर मागें दोन पिशव्या मावल्या, तिसरी पायांत आली. चार दिवसांची यात्रा असती तर टपावर सामान बांधावें लागलें असतें. आसनांचें कातड्यासारखें आवरण उन्हांत तापून चटके देई. त्यावर आम्हीं सुती चादर घातली. आणि सुटीं आसनें कितीहि मऊ असलीं तरी त्यांच्यामध्यें फट असते. जुन्या बाकावर नात आजीच्या मांडीवर डोकें ठेवून झोपे. ती सोय येथें नाहीं. नातीला उलटी मात्र झाली नाहीं. खिडकी मोठी होती हें त्याचें कारण, कीं आजीची गोष्ट, हें सांगणें कठीण आहे.

त्या रात्रीं आमच्या बंधूंनीं आपला पक्ष सिद्ध झाला असें जाहीर केलें. परंतु आमच्या मनांत एक शंका राहिली. दोन्ही वेळां माणसें तींच असलीं तरी जागा त्याच नव्हत्या. आई जुन्या गाडींत पुढें बसली होती, इंजिनाला सर्वांत जवळ आणि आमच्या सर्वांकडे पाठ करून. ज्यास आम्ही मानाचें आसन समजत होतों तें बोलण्याच्या दृष्टीनें घरांतलें सर्वांत एकटें आसन होतें. मग दोष गाडीचा किती आणि आमचा किती ? हें पाहण्यासाठीं तिसऱ्या रविवारीं जुनीच गाडी काढली, आईला मधल्या बाकावर आमच्या व सौभाग्यवतींच्या मध्यें बसविलें, देवघरांतला जुना लांकडी पाट दारापाशीं पायरीसारखा ठेवला, आणि बंधूंस वेग बेताचा ठेवावयास सांगितलें.

निकाल असा लागला. पाटामुळें चढणें-उतरणें नव्या गाडीइतकें नाहीं, तरी पुष्कळ सोपें झालें. शेजारच्या माणसाचें बोलणें आईला बरेंचसें कळलें. मागून पुतण्या बोलला तें कळलें नाहीं. महामार्गावर वेग वाढला कीं तिचे डोळे मिटूं लागत, आणि वेग कमी केला कीं उघडत. मागच्या रांगेचे हाल होते तसेच राहिले. म्हणजे आमच्या हिशेबानें, जें सुख आम्ही नव्या गाडीचें समजत होतों, त्यांतला निम्मा भाग आम्हांस जुन्या गाडींत एक पैसा न खर्चतां कधींच देतां आला असता. उरलेला निम्मा मात्र खरोखर गाडीचाच होता, आणि तो लहान नव्हता.

ज्या वाचकांच्या घरीं असाच विचार चालू असेल त्यांस आमची विनंति इतकीच कीं, दुकानांतली उभी गाडी पाहून निर्णय करूं नये. सर्व माणसें व प्रवासाचें सामान घालून तिन्ही रांगा भराव्या, आणि दोन तास तरी फिरावें. त्यांत एक घाट असावा. घरांतील सर्वांत वृद्ध माणसास तीन वेळां चढ-उतर करावयास लावावें; पहिल्या वेळीं सर्वच जण उत्साहानें चढतात. चालविणाऱ्यानें परतीच्या वाटेवर तिसऱ्या रांगेंत बसावें. आणि गाडी वेगांत असतां मागच्या रांगेंतून पुढें, व पुढून मागें, साध्या आवाजांत एखादी गोष्ट सांगून पाहावी. ती ज्यास ऐकूं येणार नाहीं, त्याच्या आसनाचा विचार आधीं करावा. हें सगळें करण्यास नवी गाडी घेण्याचा बेत असलाच पाहिजे असें नाहीं. असलेल्या गाडींतहि येत्या रविवारीं करून पाहतां येईल.

आमच्या घरीं अखेरीस नवी गाडी घेण्याचें ठरलें; घराच्या डागडुजीसाठीं ठेवलेल्या रकमेस थोडा धक्का लागेल, तो सर्वांनीं मान्य केला. सामानासाठीं टपावर जाळी घेऊं, आणि नऊ माणसें असतील तेव्हां दोघेंजण एस्. टी.नें येतील. मधल्या रांगेंतील डावें आसन आईचें, हें बंधूंनीं घरच्या सभेंत कागदावर लिहून घेतलें. आईनें खर्चाचा आंकडा दोनदां विचारला, तो तिला दोन्ही वेळां फार वाटला. तरी या वर्षीं गुहागरास येण्याचें तिनें कबूल केलें आहे. तिची अट एकच : पाट मात्र बरोबर घ्यावयाचा.